फुसका बार

‘फुसका बार’ हे शब्द आपण किती हसत वापरतो. आठवडाभर फलक लावून जाहीर केलेल्या मोर्चाला तीस माणसं जमली, की फुसका बार. दिवाळीत वात सुरसुरत जाते, सगळे कानांत बोटं घालून मागे सरकतात आणि सुतळी बॉम्ब नुसता धूर सोडून गप्प बसतो. पोरं टाळ्या पिटतात. त्यात फार तर फजिती असते. विस्कॉन्सिनमधल्या एका तळघरात सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी समजावून सांगेपर्यंत माझीही हीच समजूत होती. ते घरी काडतुसं भरतात. बार फुसका निघणं ही त्यांच्या लेखी सगळ्यांत वाईट घटना. त्यांच्या टेबलावर कुठली वस्तू कुठे असावी आणि कुठली मुळीच नसावी, हे त्या एका भीतीने ठरवलेलं होतं.

आमची मुलगी विस्कॉन्सिनमध्येच, मिलवॉकीजवळ राहते. एक-दोन वर्षांआड आम्ही दोघं तिच्याकडे जाऊन तीन-चार महिने काढतो. मी भोसरीतल्या कारखान्यात पस्तीस वर्षं टूलरूममध्ये होतो. डाय, पंच, जिग, फिक्स्चर यांतच हात काळे केले. अशा माणसाला अमेरिकेत करायला काही नसतं. गवत कापून झालं की दिवस संपला. जावयाला नेमबाजीचा नाद आहे. तो नाद आमच्याकडे फारसा कुणाला आवडलेला नाही. तळघरात त्याच्या बंदुकांचं लोखंडी कपाट आहे म्हणून ही त्या बाजूला झाडूसुद्धा नेत नाही. मलाही बंदुकीचं प्रेम नाही, ते मी लपवतही नाही. पण एका रविवारी जावई म्हणाला, “बाबा, मला रिलोडिंगची प्रेस घ्यायचीय. तुम्ही जन्मभर प्रेस हाताळल्यात, जरा बघाल का?” प्रेस म्हटल्यावर माझा नाइलाज झाला.

रिलोडिंग, म्हणजे उडालेली काडतुसं घरी पुन्हा भरणं, हा प्रकार आपल्याकडे अपरिचित आहे, आणि त्यात वाईट काही नाही. भारतात १९५९चा शस्त्र कायदा आहे. परवानाधारकालाही काडतुसं मोजून मिळतात, आणि ती स्वतः बनवायची तर नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची झाली तर लागतो. त्यातून विस्कॉन्सिन. तिथे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस येतात, ते आपल्या गणपतीसारखे. लोक त्या हिशेबाने रजा राखून ठेवतात. अशा गावात तळघरात काडतुसं भरायचं टेबल असणं म्हणजे आपल्या घरी कोपऱ्यात शिलाई मशीन असण्यासारखं. जावयाचं कारण मात्र शिकार नव्हतं. २०२०च्या टाळेबंदीत दुकानांतली काडतुसं संपली आणि पुढे कितीतरी महिने फळ्या रिकाम्या राहिल्या. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे घोळत होतं.

काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यात चारच वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. प्रायमर म्हणजे दिवाळीतल्या पिस्तुलाची टिकलीच म्हणा, फक्त धातूच्या इवल्या वाटीत बसवलेली. बार उडाला की टिकली जळते, दारू संपते, गोळी जाते. उरते ती पुंगळी, आणि चौघांत बहुधा तीच महाग. उडताना ती फुगून नळीच्या घराला घट्ट चिकटते, म्हणून गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. क्षणात ती थोडी आकसते, म्हणून बाहेर काढता येते. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त एकत्र आलं की हा गुण येतो. पण आकसली तरी ती मूळच्या मापाला येत नाही. मग तिला डायमध्ये दाबून मापात आणायची. त्याच दाबात एक पिन जुनी टिकली बाहेर ढकलते. नवी टिकली बसवायची, तोंड किंचित उघडायचं, दारू मोजून घालायची, गोळी बसवायची, तोंड आवळायचं. हे सगळं ज्याच्या दांड्याने होतं ती प्रेस.

पितळेचा विषय निघालाच आहे तर आपल्या मातीतली एक गोष्ट सांगून टाकतो. इंग्रजी अमलात लष्कराची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असत. पाऊस संपल्यावर बघावं तर पुंगळ्यांना तडे. कुणी हात लावलेला नाही, कुठे आपटलेल्या नाहीत. मोसमावरून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं आणि धातुशास्त्रात ते आजही चालतं. नीट उलगडा १९२१मध्ये झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण. मी धातुशास्त्राच्या वर्गात हे नाव घोकलं होतं, त्यातला ‘सीझन’ म्हणजे आपलाच आषाढ-श्रावण हे मला साठीनंतर कळलं. रिलोडिंगवाले आजही अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या घासत नाहीत, त्याचं मूळ हेच.

तर प्रेस. जावयाने आधीच मनाशी एक ठरवली होती आणि मी मान डोलवावी एवढीच त्याची अपेक्षा होती. अॅरिझोनातल्या डिलनची, निळी, प्रोग्रेसिव्ह. तिच्या तळाशी फिरती थाळी असते आणि वर चार-पाच डाय. थाळी भरली की प्रत्येक दांड्यासरशी एकीकडे जुनी टिकली निघते, दुसरीकडे दारू पडते, तिसरीकडे गोळी बसते आणि शेवटी एक तयार काडतूस डब्यात टपकतं. तासाला चार-पाचशे. त्याने चलच्चित्र दाखवलं तेव्हा मला भरून आलं. पत्र्याच्या कामात आमच्याकडे प्रोग्रेसिव्ह डाय असे ती हीच. पट्टी एकेक घर पुढे सरकते आणि प्रत्येक घरात तिचं काहीतरी होतं. ती नीट चालत असली की बघत राहावंसं वाटतं.

ती नीट चालत नव्हती असाही एक दिवस माझ्या वाट्याला आला. चार घरांची डाय, मिनिटाला साठ स्ट्रोक, एक साधा कंस. दुसऱ्या घरातला बारीक पंच केव्हातरी तुटला. आवाजात फरक नाही, कंपनात फरक नाही. तिसऱ्या घरात वाक, चौथ्यात काप, सगळं यथासांग. डब्यात पडणारा प्रत्येक नग चकचकीत. पॅकिंगमधल्या बाईंनी एक हातात घेऊन उजेडाकडे धरला तेव्हा त्यात असायला हवं ते भोक नव्हतं. तोवर अडीच हजार नग झाले होते. साहेबांनी विचारलं, “तुम्ही बघत काय होतात?” मी प्रेसकडे बघत होतो. तिथून ते दिसण्यासारखंच नव्हतं, पुढच्या घराने मागच्या घराची चूक झाकली होती.

अडीच हजार कंस भंगारात गेले, माणूस कुठे गेला नाही. काडतुसाचं तसं नाही, आणि इथे शेजारच्या आजोबांचा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या तळघरातल्या गृहस्थांचा, फुसका बार येतो. समजा, एका पुंगळीत दारू पडायची राहिली. वर गोळी बसली, तोंड आवळलं गेलं. बाहेरून ते काडतूस इतरांसारखंच. चाप ओढला तर नुसती टिकली उडते. पण तेवढा जोर गोळीला पुंगळीतून काढून नळीत काही इंच ढकलायला पुरतो. गोळी तिथेच अडकते. ठो होण्याऐवजी फट्. कानांवर आवाज अडवणारे जाड कप, बाजूच्या गाळ्यात कुणीतरी धडाधड झाडतोय, आणि माणूस पुन्हा चाप ओढतो. दुसऱ्या गोळीला पुढे वाट नाही. नळी फुगते, कधी फुटते. आजोबांनी त्यांच्या क्लबात फुगलेली एक नळी उभी चिरून भिंतीवर टांगलेली पाहिली आहे. ते सांगताना त्यांनी आपल्या डाव्या हाताची बोटं एकदा मोजल्यासारखी उघडमीट केली.

उलटंही होतं: दोनदा दारू पडते. जावयाचं रिव्हॉल्व्हर .३८ स्पेशलचं. हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं, काळ्या दारूच्या काळात वाढलेलं, म्हणून त्याची पुंगळी ऐसपैस. आजची धूरविरहित दारू लागते अगदी थोडी. तळाशी जरा दिसते इतकीच. दोन मापं पडली तरी ती सांडत नाही, ओरडत नाही. डिलनच्या ५५० या प्रेसमध्ये तर थाळी अंगठ्याने फिरवावी लागते. दांडा ओढला, तेवढ्यात वरून कुणी जेवायला हाक मारली, परत येऊन पुन्हा ओढला की झालं. पुढच्या मॉडेलात थाळी आपोआप फिरते, दारूची पातळी चुकली तर वाजणारी घंटीही वेगळी मिळते. आमच्याकडेही त्या अडीच हजार नगांनंतर सेन्सर आला होता. चांगली गोष्ट आहे. पण घंटी कशासाठी वाजतेय हे ज्याला कळतं, त्यालाच तिचा उपयोग.

जावयाचा युक्तिवाद होता, आणि तो चुकीचा नव्हता. “बाबा, प्रोग्रेसिव्हवरसुद्धा एका वेळी एकच पुंगळी घालून शिकता येतं. मग दोनदा खर्च कशाला?” बरोबर आहे. पुष्कळ जाणकार हेच सांगतात. मी फक्त एवढं म्हटलं की, अरे, सहा गिअरच्या गाडीत बसून महिनाभर पहिल्यावरच चालवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मोकळी घरं समोर दिसत असताना तू तिसऱ्या संध्याकाळी ती भरणारच. मी तर दुसऱ्याच संध्याकाळी भरली असती.

मग आम्ही दोघं शेजारी गेलो. आजोबा मिलवॉकीतल्या कारखान्यात मशिनिस्ट होते. माझ्या हाताची बोटं बघून त्यांनी मला ओळखलं, मी त्यांची बघून त्यांना. इंग्रजीची अडचण तिथेच संपली. त्यांच्याकडे ही कला वडिलांकडून आली. एका डब्यात वडिलांचं अडकित्त्यासारखं एक हत्यार होतं. मी खरंच अडकित्ता समजलो. १८८४च्या सुमारास जॉन बार्लो नावाच्या माणसाने कनेक्टिकटमध्ये ‘आयडियल’ नावाने असली हत्यारं बनवायला सुरुवात केली; १९२५मध्ये ते काम लायमन कंपनीकडे गेलं. दोन मुठी, त्यांच्यामध्ये डाय, आवळायचं. गावापासून दूर राहणाऱ्याने खोगिराच्या पिशवीत घालून न्यावं असं. त्याच फळीवर ‘ली लोडर’ होता, लाकडी हातोडीने ठोकून काडतूस भरायचा संच. रिचर्ड ली यांनी १९५८मध्ये तो आणला. त्यांची कंपनी विस्कॉन्सिनमधल्याच हार्टफर्डला, म्हणजे आम्ही बसलो होतो तिथून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर. आजोबा पहिलं काडतूस या हातोडीवर शिकले. टिकली ठोकताना एखादी फटकन उडते, माणूस दचकतो, पण प्रत्येक पायरी हाताला समजते, असं त्यांचं म्हणणं.

आणि टेबलाच्या मध्यभागी, हिरव्या रंगाची, बिडाची, कान नसलेल्या कढईसारखी जड, एक ‘रॉक चकर’. एक रॅम, एक डाय, एक दांडा. हे आरसीबीएस कंपनीचं यंत्र. नावाची मौज अशी की कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३मध्ये गोळ्या घडवायच्या डाय बनवल्या. युद्धामुळे बाजारात गोळ्या मिळेनात. रॉक चक म्हणजे तिकडच्या डोंगरांतला मार्मोट, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. त्याच्या शिकारीसाठी ‘रॉक चक बुलेट स्वेज’, त्याची आद्याक्षरं म्हणजे आरसीबीएस. त्या गोळ्यांना वरचं कवच कशाचं, तर पॉइंट टू टूच्या उडालेल्या पुंगळ्यांचं. मला यात आपला माणूस आठवला. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, ते याच पॉइंट टू टूने. तिच्यात टिकली वेगळी नसते, बुडाच्या काठातच मसाला भरलेला असतो, म्हणून ती घरी पुन्हा भरता येत नाही. एकदा उडाली की संपली. हंटिंग्टननी तिला दुसऱ्या गोळीचा सदरा केला, ही खरी टूलरूमची बुद्धी.

आजोबांनी काम करून दाखवलं. पन्नास पुंगळ्या डायमध्ये दाबल्या. पन्नासच्या पन्नास. मग डाय बदलली, पन्नासांची तोंडं किंचित उघडली. टिकल्या हाताने बसवल्या, प्रत्येकीवरून अंगठा फिरवत. टिकली बुडाच्या किंचित आत असली पाहिजे, वर आलेली चालत नाही. मग सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या केल्या, पाच ओळी, ओळीत दहा. दारू घातली. आणि मग ते थांबले. खिशातून छोटी बॅटरी काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पन्नास तोंडांवरून उजेड सावकाश फिरवला, जशी शाळेत बाई डोकी मोजतात. एकही गोळी अजून हातात घेतलेली नव्हती.

मला त्या क्षणी ती पॅकिंगमधली बाई आठवली. त्या टेबलावर चूक दिसायला एक जागा राखून ठेवलेली होती. एका पुंगळीत दारू कमी असेल तर तिच्या आजूबाजूच्या एकोणपन्नास जणी ते सांगतात. डोळ्याला वजन कळत नाही, पण वेगळेपण चटकन कळतं. आमची आई करंज्यांच्या सगळ्या पाऱ्या ताटात मांडायची, सगळ्यांवर सारण घालायची आणि मगच मिटायला बसायची. एकीत सारण घालायचं राहिलं तर ताटावरूनच दिसे. एकेक भरून मिटत गेलेल्या करंज्यांतली पोकळ करंजी पाहुण्याच्या दाताखाली सापडते. एका वेळी एकच डाय चालवणाऱ्या या प्रेसला, म्हणजे सिंगल स्टेजला, लोक संथ म्हणतात. तासाला पन्नासेक काडतुसं, त्यातही डाय बदलण्यात वेळ जातो. मला ती संथ वाटली नाही. तिने काम अशा ठिकाणी कापलं होतं, जिथे उघडं तोंड दिसतं.

मधला मार्गही आहे, टरेट प्रेस. कॅप्स्टन लेथ ज्याने चालवलंय त्याला समजवावं लागणार नाही. वरची चकती फिरते, पुंगळी जागची हलत नाही. तीन-चार दांड्यांत एक काडतूस पुरं. गोळी ठेवण्याआधी पुंगळीत डोकावायची सवय हवी, मग तीही वाईट नाही. ज्याला महिन्याला पाच-सहाशे काडतुसं लागतात त्याने तीच घ्यावी. जावयाला तेवढी लागत नाहीत. त्याला तसं वाटतं, एवढंच.

एक दिलासा आजोबांनी दिला, आणि तो ऐकून मी खुश झालो. डाय वाया जात नाहीत. जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या डायवर एकच आटे: व्यास सात अष्टमांश इंच, इंचाला चौदा. प्रेस बदला, रंग बदला, कंपनी बदला, डाय तीच चालते. अपवाद आहेत, डिलनचंच एक छोटं मॉडेल स्वतःच्या वेगळ्या डाय मागतं. पण एकमेकांशी भांडणाऱ्या कंपन्या एका आट्यावर एकमत झालेल्या बघून टूलरूमच्या माणसाला बरं वाटतं. पहिल्या डाय कार्बाइडच्या घ्याव्यात हेही त्यांनी सांगितलं. सरळ भिंतीच्या पिस्तुली पुंगळीला मग तेल लावावं लागत नाही. रायफलच्या मान असलेल्या पुंगळीला लावावंच लागतं, आणि विसरलं की ती डायमध्ये अशी रुतते की दांड्याला लोंबकळलं तरी निघत नाही.

निघताना त्यांनी तराजू दाखवला. प्रेसवर पैसे कमी घाला, यावर नको, म्हणाले. दारू तोलतात ग्रेनमध्ये. जवळच तीस-झिरो-सिक्सच्या रायफलच्या गोळ्यांची पेटी होती, तिच्यावर १८० ग्रेन असं छापलेलं. माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. इंग्रजांनी १८३३मध्ये आपल्या तोळ्याचं वजन बांधून दिलं, ते बरोबर १८० ग्रेन. म्हणजे ती एकेक गोळी एक तोळ्याची! शहाण्णव गुंजांचा तोळा, म्हणून गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा थोडी जास्त. आणि हे गृहस्थ ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलत होते, गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग. मी हे कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, तुमचे सोनार चांगले रिलोडर झाले असते. मग त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक जुनी मळकट पुंगळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. .३०३ची. बुडावर ठसा: केएफ. इंग्रजी आद्याक्षरं, किर्की फॅक्टरी. खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९चा. माझ्या मामांच्या घरातून त्याचा भोंगा ऐकू यायचा.

“ही मला भरता येत नाही,” आजोबा म्हणाले. आत बॅटरी धरली. बुडाला मधोमध एक भोक असायला हवं, तिथे बाजूला दोन बारीक भोकं होती. मधल्या एका भोकाची पद्धत बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची, दोन भोकांची बर्डन या अमेरिकन माणसाची. आणि झालं असं, की अमेरिकेने इंग्रजाची उचलली, इंग्रजांच्या लष्कराने अमेरिकनाची. घरगुती डायची पिन मधल्या भोकातूनच जाते, त्यामुळे खडकीची पुंगळी त्या डब्यात कायमची बसून राहिली आहे. मी ती परत देताना जरा रेंगाळलो. त्यांनी घ्या म्हटलं, पण विमानतळावर हे काय म्हणून समजावणार?

शेवटी जावयाने सिंगल स्टेज घेतली, बिडाची, बंद चौकटीची. मनापासून घेतली असं म्हणणार नाही. मी मात्र एका गोष्टीवर अडून बसलो: टेबल आधी. प्रेस कितीही भक्कम असो, फळी लवत असेल तर दांड्याचा जोर फळीतच जिरतो. दोन शनिवार खपून आम्ही चार इंची पाय आणि दुहेरी प्लायचं टेबल केलं, भिंतीला बोल्टने आवळलं. त्यावर एका वेळी दारूची एकच बाटली ठेवायची, दुसरी कपाटात, हा आजोबांचा नियम जावयाने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवला. फोन वर, स्वयंपाकघरात. काम संपलं की हात साबणाने धुवायचे, जळलेल्या टिकल्यांत शिसं असतं. मुलीने तो नियम दोनदा अधोरेखित केला. आणि मी निघण्याआधी मेपलच्या एका फळकुटात पन्नास भोकं पाडून दिली, पाच ओळी, ओळीत दहा. अंतर एकसारखं यावं म्हणून आधी जिग केलं. जावई म्हणाला, एवढ्याशा गोष्टीला जिग? मी उत्तर दिलं नाही.

परवा सकाळी साडेसातला, मी अंगणात चहा घेत असताना, त्याने फोटो पाठवला. तिथे रात्रीचे आठ. वरून काढलेला, माझा ठोकळा, पन्नास उघडी तोंडं, तिरपा उजेड. खाली एक शब्दही नाही. मी चष्मा पुसला, फोटो बोटांनी मोठा केला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. तळाशी सगळीकडे सारखा करडा रंग. चौथ्या ओळीत सातव्या जागी पितळ चमकत होतं.

चहा तसाच ठेवून मी फोन लावला. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

“कितवी?” तो म्हणाला.